चोविसावं पान

माझ्या पुस्तकातली मुलगी झाडाला घट्ट मिठी मारते, करवतवाल्याला रडू फुटतं आणि झाड वाचतं. हे चोविसाव्या, म्हणजे शेवटच्या पानावर.

मी मुळात तसं लिहिलं नव्हतं. माझ्या खर्ड्यात झाड पडत होतं. संपादकबाई म्हणाल्या, "अहो, मुलं हे झोपताना वाचणार. शेवटचं पान हिरवंच हवं." आमच्या धंद्यात हा नियमच आहे. मी मान डोलावली. पुस्तक निघायला हवं होतं, तत्त्वं काय, नंतरही पाळता येतात.

काल शाळेच्या मागचं जुनं झाड तोडायला माणसं आली. तिथं गाड्या लावायला जागा हवी होती. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने, टिकलीने, दप्तर फेकलं आणि झाडाला मिठी मारली. शाळेतून फोन आला तशी मी धावत गेले.

करवतवाला यंत्र बंद करून उभा होता. टिकली त्याला सांगत होती, "काका, थोडं थांबा, आता तुम्हाला रडू येईल."

"नाही येणार गं बाळा," तो म्हणाला. "हे झाड आज जाणारच. तू बाजूला हो, लागेल तुला."

मुख्याध्यापिका माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचंच पुस्तक ना हे? आता तुम्हीच निस्तरा."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी टिकलीची बोटं एकेक करून सोडवली. माझीच मला लाज वाटत होती, पण हात थांबले नाहीत. अर्ध्या तासात झाड आडवं झालं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, ते रडत नाहीत हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तसं का लिहिलंस?"

"मुलांना वाईट वाटू नये म्हणून."



संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला. त्यांना बातमी कळली होती. "दुसऱ्या आवृत्तीत टिकलीचा फोटो घालू या. झाडाला मिठी मारलेला."

"झाड तोडलं."

"अहो, दुसरं एखादं चालेल की."

शिव्या ओठांवर आल्या होत्या. "तिला विचारते," मी म्हणाले.

टिकली पेन्सिलीला टोक करत होती. मी फोटोचं विचारलं तरी तिने मान वर केली नाही.

"त्या करवतवाल्या काकांचा घाला," ती म्हणाली. "माझ्याशी खरं ते एकटेच बोलले."