जित्याला खांदा

मी एक जुनी डोली आहे, मित्रांनो. नवरीची नव्हे हं! मला ना गोंडे, ना आरसे. एक जाड बांबू आणि त्याला झोळीसारखी बांधलेली घोंगडी, एवढाच माझा संसार. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीला रस्ता नाही. आजारी माणसाला माझ्यात निजवायचे, तासाभराची उतरण उतरून डांबरी सडकेला आणायचे आणि तिथून गाडीने महाडला न्यायचे.

मला हैबतीने बनवले. पुढचा खांदा नेहमी त्याचाच असे. शेजारच्या चंदूने एकदा बांधाच्या भांडणात त्याच्यावर कोयता उगारला होता. त्याच चंदूला साप चावला, तेव्हाही पुढे हैबतीच होता. घरी आल्यावर त्याची मुलगी अंकिता फणकारली, "बाबा, त्याला कशाला खांदा दिलास?"

हैबती घाम पुसत म्हणाला, "मेल्यावर खांदा द्यायला समदी येतात गो. जित्याला द्यायचा."

अंकिता तेव्हा दहा वर्षांची होती. पुढच्या खेपेपासून ती पाण्याची कळशी घेऊन माझ्याबरोबर येऊ लागली.

त्या काळी माझा रुबाब काय विचारता! माझी घोंगडी धुवायला बायका भांडायच्या. मग तरुण मंडळी मुंबईला गेली. मी पडवीच्या आढ्याला लटकले आणि कोंबड्या खुशाल माझ्यावर बसू लागल्या.

यंदा गणपतीत वाडी भरून गेली होती. विसर्जन झाले आणि दुसऱ्या सकाळी चाकरमानी परत निघाले. दुपारी हैबतीच्या छातीत कळ आली. अंकिताने फोनवर फोन केले. मंडळी पार पनवेलला पोचली होती. मी वरून सगळे पाहत होते. ज्याने मला घडवले, त्याच्यासाठी मला एक पाऊल टाकता येईना. फार रडू आले मला.

तेवढ्यात चंदू लंगडत आला. सापाच्या विषाने त्याचा पाय कायमचा अधू झाला होता. कोणी बोलावले नव्हते. त्याने मला खाली काढले आणि मागचा खांदा दिला. पुढे अंकिता. दर वळणावर त्यांना थांबावे लागे.

अर्ध्या वाटेत हैबतीने विचारले, "दमलीस गो?"

"नाय बाबा."

त्यानंतर तो बोलला नाही. सडक दिसली, गाडीही उभी होती. घोंगडीतले वजन तेवढेच होते, पण ऊब गेली होती.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून तीन गाड्या भरून माणसे आली. तिरडीला खांदा द्यायला नुसती झुंबड! अंकिताने घोंगडी धुतली, वाळवली आणि मला आढ्याला न टांगता दाराशी, हात पोचेल अशी ठेवली.

मित्रांनो, मला पाय नाहीत, मला हाकही मारता येत नाही. तिरडीला खांदा द्यायला तुम्ही याल, हे मला ठाऊक आहे. त्याआधी एकदा माझ्याकडे या.