तांबड्या शाईची नोंद

तिच्या डाव्या डोळ्यामागे बोराएवढी गाठ वाढत होती, आणि ती जाळणारं किरणांचं यंत्र तिच्या देशात कुठेच नव्हतं. परदेशातल्या एका इस्पितळाने सात आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. तसं पत्रही आलं होतं. आता फक्त उपचारांसाठीचा व्हिसा हवा होता. त्यासाठी ती आणि तिचा नवरा अर्जाच्या खिडकीसमोर बसले होते, तिच्या मांडीवर विटेसारखी जाड फाईल होती.

ती वीस वर्षं एका चष्म्याच्या दुकानात काचा घासत होती. फ्रेमला बसेल अशी काचेची कड उतरवायची, बोटाचं टोक फिरवून पाहायचं. केसाएवढा फरक तिला कळायचा. इतरांना नीट दिसावं म्हणून राबलीस आणि तुझाच डोळा गेला, असं कोणी हळहळलं की ती म्हणायची, "दिव्याखाली अंधार असायचाच." नवरा गाडी शिकवण्याच्या शाळेत होता. शिकवणीच्या गाडीत त्याच्या पायाशीही एक ब्रेक असे, त्यामुळे कुठेही काही बिनसतंय असं वाटलं की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई.

खिडकीतल्या मुलीने फाईल चाळली आणि एक पिवळा पडलेला कागद बाजूला काढला.

"जन्मदाखला हाताने लिहिलेला आहे. हा चालत नाही. नोंदणी कचेरीतून नवा, छापील आणा."

"एवढंच ना?" नवऱ्याने विचारलं.

"एवढंच. बाकी सगळं चोख आहे."

तरी त्याचा पाय जमिनीवर दाबला गेलेला तिने पाहिला.

तिचा जन्म ज्या गावातला म्हणून दाखल्यावर लिहिलं होतं, ते बसने तीन तासांवर होतं. तिथे ती कधी राहिल्याचं तिला आठवत नव्हतं. आईवडील ते गाव फार पूर्वी सोडून आले होते आणि पुन्हा कधी तिकडे फिरकले नव्हते. कचेरीच्या तळघरात जुन्या नोंदींची खोली होती. तिथल्या कारकुनाने कपाटातून एक रजिस्टर काढलं, फडक्याने पुसलं, आणि बोट फिरवत फिरवत तो एका ओळीवर थांबला. मग चष्मा काढून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"दाखला कोणाचा हवाय म्हणालात?"

"माझा."

"ही नोंद बंद झालेली आहे, बाई."

"बंद म्हणजे?"

त्याने रजिस्टर फिरवून तिच्यापुढे सरकवलं. तिने उजवा डोळा कागदाजवळ नेला. तिचं नाव होतं. वडिलांचं होतं, आईचं होतं. तारीखही तीच, जी ती शाळेपासून सगळीकडे लिहीत आली होती. आणि समासात तांबड्या शाईने बारीक अक्षरात लिहिलं होतं: मयत. वय अकरा महिने. खाली मृत्यूच्या नोंदीचा क्रमांक.

"मग मी इतकी वर्षं भांडतोय कोणाशी?" नवरा म्हणाला. तो हसायला गेला, पण हसू ओठांपर्यंत आलं नाही. कारकूनही हसला नाही.

पायऱ्या चढताना तिला ते पुन्हा दिसलं. डाव्या डोळ्यापुढे आता जवळजवळ काळोखच होता. त्या काळोखात गेले दोन महिने अधूनमधून काहीतरी उभं राही. गुडघ्याहून जरा उंच, एक हात कशावर तरी टेकवल्यासारखं, हलत मात्र नसे. डॉक्टरांना तिने सांगितलं होतं. ते म्हणाले होते, नजर गेली की मेंदू रिकामी जागा आपल्या मनाने भरून काढतो, घाबरायचं काही नाही. ती घाबरलीही नव्हती. त्या दिवशी मात्र पायरीवर तिने कठडा घट्ट धरला आणि डावीकडे मान वळवली नाही.

वडील गेल्यापासून आई त्यांच्याकडेच राहायची. घरी पोहोचल्या-पोहोचल्या तिने आईपुढे नकलून आणलेली ओळ ठेवली. आई वाटाणे सोलत होती. तिने चिठ्ठी वाचली, ती पालथी केली आणि आणखी चार शेंगा सोलल्या. मग ताट तसंच ठेवून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस आई कोणाशी बोलली नाही. जेवायला बाहेर आली, पण मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डोळ्यात औषध घालत असताना आई मागे येऊन उभी राहिली.

"तू पोटात होतीस तेव्हा," आई म्हणाली. "पाचवा महिना होता."

ती तशीच मान मागे टाकून बसून राहिली. मान सरळ केली तर आई थांबेल असं तिला वाटलं.

"तिला ताप आला. साधा ताप, सगळ्या पोरांना येतो तसा. संध्याकाळी उतरला म्हणून मी पाणी तापवायला गेले. परत आले तर..." आई थांबली. "तुझ्या वडिलांनी महिन्याभरात गाव सोडलं. तू इथे झालीस. ते म्हणाले, नाव बदलायचं नाही. तिचे कपडे होते, नाव होतं, दाखला होता. तुझा वेगळा काढायला ते गेलेच नाहीत. म्हणाले, आपल्याकडे आहे दाखला."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? ते म्हणायचे, तीच परत आली. मलाही तसंच वाटावं म्हणून मी खूप धडपडले." आईने पदराने तिच्या गालावर ओघळलेलं औषध टिपलं. "नाही वाटलं. म्हणून तर मी तुला तोंडाने कधी त्या नावाने हाक मारली नाही."

हे खरं होतं. आई तिला जन्मभर धाकटी म्हणत आली होती. एकुलत्या एका मुलीला धाकटी म्हणतात म्हणून शेजारीपाजारी हसायचे, आणि लहानपणी तीही त्यांच्याबरोबर हसायची. घरातला एखादा विनोद असावा, इतकंच तिला वाटत आलं होतं.

"ती चालायची का गं?"

"कुठली चालतेय. नुकती धरून उभी राहायला लागली होती. खाटेचा पाय धरून."

तिने डोळे मिटून घेतले. मिटल्यावरही डावीकडे ते तसंच उभं होतं.

रीतसर मार्ग लांबचा होता. आधी बहिणीच्या मृत्यूचा उतारा, मग हिच्या जन्माची उशिरा नोंद, त्यासाठी आईचा शपथेवर जबाब, मग नवा पासपोर्ट, इस्पितळाचं नवं पत्र, आणि त्यानंतर व्हिसाचा अर्ज. सात आठवड्यांत हे बसणं शक्य नव्हतं. पण कचेरीच्या ओसरीवर बसणाऱ्या टंकलेखकाने नवऱ्याला बाजूला घेऊन दुसरी वाट सांगितली होती. छापील दाखल्यावर समासातला शेरा न येईल अशी व्यवस्था होऊ शकते. तीन दिवसांत.

"बाकीचे सगळे कागद त्याच तारखेचे आहेत," नवरा रात्रीच्या जेवणाला म्हणाला. "शाळा, पासपोर्ट, आपलं लग्न. एक शेरा गाळला की सगळं जुळतं. तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल देव जाणे. गाठ काही आपल्यासाठी थांबणार नाही."

तिलाही ते पटलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, डावा गेलाच आहे, आता उजवा वाचवायचा आहे. "करा व्यवस्था," ती म्हणाली.

"नाही करायची," आई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"आई, तुमच्याच मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे," नवरा म्हणाला.

"म्हणूनच सांगते. इतक्या लांब, परक्या देशात, यंत्राखाली झोपवायचं, आणि तेही तिच्या कागदावर? ती एकदा गेलीय. त्या कागदावर मी आणखी एकीला पाठवणार नाही." आईने पेला खाली ठेवला. "जबाब मी देते. कुठे यायचं ते सांगा."

तिने आईला समजावून पाहिलं, मग चिडून पाहिलं. आई ऐकेना. शेवटी नवरा म्हणाला, "राहू दे. मी तरी त्यांच्यापुढे ब्रेक लावू शकत नाही." पण खरं तर आईच्या त्या एका वाक्याने त्या दोघांच्याही मनात भीती शिरली होती. दोघांनी ती एकमेकांना सांगितली नाही, आणि टंकलेखकाला पुन्हा फोन केला नाही.

जबाबाच्या दिवशी अधिकाऱ्याने आईला खुर्ची दिली.

"आजी, एकूण अपत्यं किती?"

"दोन."

"हयात?"

आईने वळून लेकीकडे पाहिलं, जणू मोजून घेत होती. "एक. ही. धाकटी."

पहिलीचं नाव काय, दुसरीचं काय, असं त्याने विचारलं, आणि आईने तेच नाव दोनदा उच्चारलं. बेचाळीस वर्षांत ते आईच्या तोंडून लेकीने पहिल्यांदा ऐकलं. दोन्ही वेळा आवाज वेगळा होता. पहिल्यांदा आई कोणाला तरी आतल्या खोलीतून बोलावत असावी तसा. दुसऱ्यांदा नुसतं नाव. मग तिने लेकीच्या जन्माची तारीख सांगितली, वार सांगितला, वेळही सांगितली. लेकीने ती तारीख हातातल्या कागदाच्या कोपऱ्यावर टिपून घेतली, विसरायला नको म्हणून.

इस्पितळाची तारीख हुकली. पुढची अडीच महिन्यांनंतरची मिळाली. तोवर डाव्या डोळ्यातला उरलासुरला उजेडही गेला आणि उजव्याला काचेची कड धूसर दिसू लागली. मालकाने तिला कामावरून सुट्टी दिली. नवरा फार बोलत नसे. आई रोज सकाळी विचारी, "आज किती दिसतंय?" आणि ती रोज खोटं सांगे.

व्हिसाच्या मुलाखतीला काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले. एकच नाव, एकच आईवडील. त्याने विचारलं, "हे दोन्ही तुमचेच, असं आम्ही का समजू नये?"

"कारण पहिलीच्या मृत्यूचा उताराही मागे जोडलेला आहे," ती म्हणाली. "ती माझी थोरली बहीण. तिचे कागद मी चाळीसेक वर्षं वापरले. आता परत करतेय."

त्याने पानं उलटली, आईचा जबाब शेवटपर्यंत वाचला. आठ दिवसांनी व्हिसा आला. रुग्णाचा एक, सोबतीचा एक.

तिथे यंत्राच्या खोलीत तिचा चेहरा जाळीच्या मुखवट्यात घट्ट बसवत. किरण सोडण्याआधी तिथली तंत्रज्ञ बाई रोज नाव आणि जन्मतारीख विचारी, चुकून दुसऱ्याच रुग्णावर उपचार होऊ नयेत म्हणून. पहिल्या दिवशी मुखवट्याच्या आतून तिच्या तोंडून जन्माच्या सवयीने जुनी तारीख निघाली.

बाईने हातातला कागद पाहिला. "ही जुळत नाही. पुन्हा सांगा."

तिला मान हलवता येत नव्हती, ओठही नीट हलत नव्हते. छातीवर कोणीतरी तळवा टेकवावा तसं तिला वाटलं, लहानसा, कोमट. आता आपण चुकलो तर हे यंत्र कोणावर चालेल, असा एक वेडा विचार तिच्या मनात आला.

"ती माझ्या बहिणीची," ती म्हणाली, आणि कोपऱ्यावर टिपलेली तारीख सावकाश, एकेक आकडा सुटा करत सांगितली. बाईने बरोबरची खूण केली. यंत्र गुणगुणायला लागलं.

तीस दिवस उपचार चालले. गाठ मेली. डावा डोळा गेला तो गेलाच, उजवा वाचला. दोन महिने आधी आली असतीस तर डाव्यातही थोडा उजेड राहिला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हे तिने आईला सांगितलं नाही. नवऱ्यानेही नाही. परत आल्यावर ती पुन्हा दुकानात जाऊ लागली, कडा डोळ्यापेक्षा बोटानेच जास्त पाहू लागली.

आई मात्र बोलती झाली. एकदा धरण फुटलं ते फुटलंच. जेवताना, कपडे वाळत घालताना, मध्येच सांगू लागे: तिला चमचा चावायची खोड होती, तिला अंघोळीचं पाणी गार लागायचं, ती वाऱ्याला हसायची. नवरा उठून रेडिओ बारीक करी. ती घास हातात धरून ऐके. अकरा महिन्यांचं आयुष्य ते किती असणार, कधीतरी संपेल, असं तिला वाटायचं. पण आईकडे रोज नवीन काहीतरी निघे, आणि त्यातलं काय त्या पोरीचं आणि काय धाकटीचं, हे हळूहळू त्या घरात कोणालाच सांगता येईना.