मागच्या दाराचं कुलूप

"मावशी, पाणी पिऊ का?"

इस्त्रीच्या मशीनवरच्या बायका खुदकन हसल्या. मावशीने चादरीचं टोक काही सोडलं नाही. "नको म्हटलं तर तहान राहील का तुझी? पी बाबा, पोटभर पी."

धुलाईच्या कारखान्यात येऊन त्याला वर्ष होत आलं होतं, तरी सवय सुटत नव्हती. तुरुंगात पाणी प्यायचं तर विचारायचं, उठायचं तर विचारायचं. म्हणून इथे त्याचं नावच 'परवानगी' पडलं. चिडवण्यात विष नव्हतं. त्यामुळे त्यालाही ते नाव गोड वाटायला लागलं होतं.

तरुणपणी एका मारामारीत त्याच्या हातून माणूस गेला होता. शिक्षेची बरीच वर्षं त्याने तुरुंगातल्या चादरी धुण्यात काढली. वागणूक चांगली म्हणून लवकर सुटला, पण अटीवर. पुन्हा पोलिसांत नाव गेलं, की उरलेली शिक्षा भोगायला परत आत. बाहेर आल्यावर कोणी दारात उभं करेना. मावशी तेवढी कारखान्याच्या साहेबांना म्हणाली, "मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. मला जोडीदार द्या, आणि हाच द्या, याचा हात बसलाय." काय केलंस, का केलंस, हे तिने आजवर विचारलं नव्हतं. त्या न विचारण्याचे उपकार कसे फेडायचे, ते त्याला कळत नसे.

मग टॉवेल चोरीला जायला लागले, आणि साहेबांनी मागच्या दाराला कुलूप ठोकलं. पुढच्या फाटकाला तर काम सुटेपर्यंत कुलूप असायचंच. आत वाफ कोंडली. एका दुपारी इस्त्रीवरची एक पोर चक्कर येऊन पडली. किल्ली पहारेकऱ्याच्या खिशात, आणि पहारेकरी चहाला गेलेला. दार उघडेपर्यंत पोरीचे ओठ पांढरेफटक पडले होते.

संध्याकाळी नळावर हात धुता धुताच सगळ्यांचं ठरलं. कुलूप निघेपर्यंत मशीन सुरू करायची नाही.

"तू उद्या येऊ नको," मावशी त्याला म्हणाली. "बहीण आजारी आहे म्हणून सांगू."

"ती तर ठणठणीत आहे."

"मग एक दिवस पाडू आजारी. तिला कोण सांगायला जातंय!"

घरी बहिणीनेही हात जोडले. "दादा, नको रे जाऊस. जाळीपलीकडून तुझ्याशी बोलून बोलून माझा जीव विटलाय." तिच्याच घरात तो राहत होता, तिच्याच हातचं खात होता. पण मावशीच्या चादरीचं दुसरं टोक सकाळी कोण धरणार, हा विचार काही डोक्यातून जाईना. सकाळी तो निघाला तेव्हा बहीण दारात आली. अडवलं नाही. डबा मात्र हातात दिला, आणि तो पायरी उतरेपर्यंत तशीच उभी राहिली.

त्याला पाहून मावशी भडकली. "बहिरा आहेस का रे?" असं म्हणत तिने कपड्यांच्या गाठोड्यावर आपल्या शेजारी जागा करून दिली. मशीन बंद होत्या. सगळे गाठोड्यांवर बसले होते. फाटकाबाहेर हॉटेलची गाडी चादरींसाठी हॉर्न वाजवत होती.

साहेब तणतणत आत आले. "पोलीस बोलावतो! एकेकाची नावं देतो!" बोलता बोलता त्यांची नजर त्याच्यावर पडली. "अच्छा, तूसुद्धा? तुझं नाव तर तिथे आधीपासूनच आहे. उभा राहा!"

आणि तो उभा राहिला.

त्याच्या मनात नव्हतं. पायांनीच ते परस्पर केलं. हात पाठीमागे गेले, मान खाली झाली. इतके सगळे बसलेले आणि तो एकटाच उभा. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "शाबास. याला अक्कल आहे. चल, मशीन चालू कर."

त्याला खाली बसायचं होतं. गुडघे वाकेनात. लाजेने कान तापले. गेलं सगळं, त्याला वाटलं, या लोकांनी मला माणसात घेतलं आणि मी ऐन वेळी त्यांचं नाक कापलं.

शेजारी हालचाल झाली. मावशी कमरेवर हात ठेवत, कण्हत उठली. त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"उभंच राहायचं ना, साहेब? राहतो की. बसून तशी कंबर धरलीच होती माझी."

मग कालची ती पोर उठली. मग इस्त्रीवाल्या, मग भट्टीवाला. बघता बघता सगळे उभे. मशीनला मात्र कोणी हात लावला नाही.

बाहेर हॉर्न थांबेना. साहेबांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा या रांगेकडे. मग चरफडत पहारेकऱ्याला हाक मारली. "काढ ते कुलूप. आणि एक जरी टॉवेल गेला ना, तर बघा!"

दार उघडलं. वारा आत आला, तशा वाळत घातलेल्या चादरी हलल्या. मशीन सुरू झाल्या.

मावशीने मोठी चादर उचलली. त्याने समोर जाऊन दुसरं टोक धरलं आणि दोघांनी ती झटकून उंच ताणली. तेवढ्यात चादरीआड त्याचा बांध फुटला. तोंडातून आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते. आता चार पावलं पुढे यायचं, टोकाला टोक मिळवायचं, की झाली घडी. मावशी पुढे आली नाही. दुखऱ्या कमरेने, टाचा उंचावून, तिने चादर तशीच वर धरून ठेवली.

"राहू दे," पलीकडून ती हळूच म्हणाली. "ओलसर आहे अजून."