दोन बोटं

फिटरने तोच नट तिसऱ्यांदा आवळला. तो आधीच इतका घट्ट होता की पाना नुसता करकरला.

"अहो, जीव जाईल त्या नटाचा," बायको म्हणाली. ती शेडच्या दारात कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती. चार महिन्यांत ही पिशवी तिने तीनदा भरली होती आणि तीनदा रिकामी केली होती.

"वाट खडकाळ आहे. एक नट ढिला राहिला तर बसशील बोंबलत."

चार महिन्यांपूर्वी ही साधी पिकअप होती, भाजीची पोती वाहणारी. फिटर निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ती शेडमध्ये घेतली. मुलगा धरणाच्या कामावर होता, डांबर संपतं तिथून पुढे दिवसभराच्या वाटेवर. तिथे साधी गाडी पोचायची नाही, असं याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. मग जाड स्प्रिंगा घालून गाडी उचलली. मग कमरेला लागतील एवढाले टायर आले. चिखलात रुतलो तर ओढून काढायला पुढे विंच आलं. ओढा ओलांडताना इंजिनाच्या नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून छतापर्यंत नळी चढली. गेल्या आठवड्यात छतावर सामानाचं कॅरियर बसलं. दर वेळी 'एवढं झालं की निघू', आणि दर वेळी घोडं कुठेतरी पेंड खायचंच. माणूस धड जेवायलाही बसत नव्हता. ताटावर बसलं तरी एक पाय हलत असायचा.

गाडीचं तिला कौतुक नव्हतं असं नाही. पण नात आठ महिन्यांची झाली होती आणि अजून तिने तिला फोनवरच पाहिलं होतं. पाच वर्षांपूर्वी बापाने पोराला "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हटलं होतं. पोरगंही बापाच्याच वळणाचं, त्याने खरंच दाखवलं नाही. आता नात झाल्यावर आपणहून म्हणाला, "या दोघंही." त्यात आठवड्याभरात ओढ्याला पाणी आलं की चार महिने वाट बंद.

"आज निघायचं म्हणजे आज," ती म्हणाली.

शेजारचा रंगारी निरोप द्यायला आला होता. फिटरने गाडी सुरू केली. ती हळूहळू दाराकडे सरकली आणि रंगारी एकदम ओरडला, "थांब! अरे थांब!"

कॅरियर दारावरच्या तुळईला टेकलं होतं. रंगारी स्टुलावर चढला, बोटं लावून बघितली आणि पोट धरून हसायला लागला.

"दोन बोटं! बाबा रे, जन्मभर लोकांची मापं काढलीस आणि स्वतःच्या दाराचं विसरलास?"

फिटर हसला नाही. चिडलाही नाही. त्याने इंजिन बंद केलं.

"वेल्डिंग केलंय, कॅरियर निघायचं नाही," तो आतूनच म्हणाला. "तुळई फोडावी लागेल. गवंडी बघा, पुढचं बघा. महिना तरी गेला."

"गवंडी माझ्या ओळखीचा आहे," म्हणत रंगारी उत्साहाने निघूनही गेला.

तिला रडूच कोसळलं असतं. ते दिसू नये म्हणून ती दाराच्या फळीमागे गेली. तिथे भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीवर एक, आणि प्रत्येकीपुढे त्याच्या ठाशीव अक्षरात आकडा. स्प्रिंगा. टायर. नळी. मग तुळईची खालची कड, जाड रेघेने. आणि त्या रेघेच्या बरोबर दोन बोटं वर, कॅरियर.

कॅलेंडरचा खिळा ठोकायचा तरी दोनदा माप घेणारा माणूस हा. विसरेल कसा?

तिच्या अंगाची लाही लाही झाली. चार महिने मला नादी लावलंत, असं तोंडावर फेकायचं ठरवून ती बाहेर आली. फिटर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता, शाळेत जायचं नसलेल्या पोरासारखा. त्याला घाम फुटला होता.

तिने पिशवी गाडीत टाकली. अंबाड्यातला आकडा काढला, पुढच्या चाकाशी बसली आणि व्हॉल्व्हचं टोपण फिरवून आत खुपसला. फुस्स करून हवा सुटली.

"अगं, काय करतेस?"

"दोन बोटं कमी करतेय. बाहेर गेल्यावर भरा परत. पंप घेतलाय ना एवढा मोठा?"

हे त्याला ठाऊक नव्हतं, असं थोडंच होतं! टायर बसत गेला, तशी गाडी तिच्या बाजूला किंचित कलली. ती मागच्या चाकाकडे गेली.

"तो माझ्याशी बोललाच नाही तर?" वरून आवाज आला. इतका बारीक, की हा त्याचाच का, असं तिला क्षणभर वाटलं.

"तर मी आहे ना बोलायला," ती म्हणाली. "उतरा आता. तिकडची दोन चाकं तुमची."

तो बराच वेळ उतरला नाही. मागचं चाक बसलं, आकडा वाकडा झाला, तिचे गुडघे दुखायला लागले. मग पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने पलीकडच्या चाकाचीही हवा सुटू लागली.