लुआताईची कावड

तुमच्या कागदावर लिहिलं आहे की लुआताई उन्हाने चक्कर येऊन पडली. खोटं आहे. तुमच्या माणसांनी तिला पाडलं आणि तुम्ही गाडीत पुढच्या सीटवर बसून बघत होतात. साक्षीदार म्हणून माझी सही हवी आहे ना? मग मी पाहिलं ते ऐका.

हनोईच्या जुन्या गल्ल्यांतून मी परदेशी पाहुण्यांना पायी फिरवतो. बावीस वर्षं झाली. जूनमध्ये सकाळी नऊलाच डांबर चपलेला चिकटतं, म्हणून अर्ध्या वाटेत, देवळाजवळच्या वडाखाली मी लुआताईपाशी थांबतो. तिच्या कावडीच्या एका टोकाला मऊसूत टोफूचं भांडं, दुसऱ्या टोकाला वाट्या आणि मोगऱ्याच्या वासाचा पाक. वाटीभर गार पोटात गेलं की पाहुणे पुन्हा चालायला लागतात.

कावड घेऊन फोटो काढायचा हट्ट प्रत्येकजण धरतो. लुआताई कधीच देत नसे. फेरीवाल्या बायांचा तो नियमच आहे. फेरीवाल्यांना हुसकावणारी तुमची गाडी कधी येईल त्याचा नेम नसतो, आणि कावड स्वतःच्या खांद्यावर असेल तरच पळता येतं.

त्या मंगळवारी माझ्या पाहुण्यांत एक म्हातारी होती. तिने फोटो मागितला नाही. लुआताईच्या उजव्या खांद्यावरच्या घट्ट्याकडे बघत तिने विचारलं, "हे किती जड असतं?"

मी ते आमच्या भाषेत सांगितलं तशी लुआताई हसली. "इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं बघ, क्वी. घे म्हणावं, उचलून बघ."

"ताई, गाडी आली तर?"

"साहेब जेवणाआधी एसीतून उठतात होय? आणि तू कशाला आहेस? डोळे काय शोभेला लावलेत?"

लक्ष मी ठेवायचं होतं. मी कावड खांद्यावर घेतलेल्या म्हातारीचे फोटो काढत बसलो.

कर्णा ऐकू आला तेव्हा गाडी कोपऱ्यावर होती. बाकीच्या बाया कावडी उचलून गल्लीत पसार झाल्या. लुआताई मोकळ्या खांद्याने उभी राहिली.

तुमच्या माणसांनी म्हातारीच्या खांद्यावरून कावड अलगद उतरवली. "सावकाश, मॅडम," त्यातला एक हसून म्हणाला. मग त्यानेच भांडं रस्त्यावर आपटलं.

"भांडं ने बाबा," लुआताई म्हणाली. "बांबू तेवढा ठेव. आईचा आहे. माझ्या खांद्याला बसलाय तो."

"बसलाय? मग उठवतो की."

तिने बांबू सोडला नाही. त्याने तो फूटपाथच्या कडेला टेकवला आणि बुटाने मोडला. हातात राहिलेल्या तुकड्याचा पहिला फटका तिच्या बोटांवर बसला. दुसरा त्याच खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी तीन पावलांवरून ऐकला. बांबूचा आला होता तसाच. ती पडल्यावर दोन लाथा घातल्या. पांढऱ्या टोफूत रक्त पसरत गेलं आणि म्हातारी किंचाळत राहिली.

"सोडा तिला," मी म्हणालो.

"गाइडचा बिल्ला जड झालाय का?" त्याने विचारलं.

मी गप्प बसलो. हेही लिहून घ्या.

काल लुआताईला इस्पितळातून सोडलं. हात झोळीत. हाड जुळेल, पण कावड पुन्हा नाही, असं डॉक्टर म्हणाले. बसपर्यंत मी सोबत गेलो. तिला सरळ चालता येत नव्हतं, सारखी एका बाजूला झुकत होती. मी हात धरला.

"वजन नाही ना रे," ती म्हणाली. "पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नाहीत."

तुमच्या खुर्चीमागे भिंतीवर एक मोठं चित्र आहे: आमचं शहर पायी बघा. त्यात कावड घेतलेली बाई हसते आहे.

हा तुमचा कागद, सही न केलेला. हा माझा बिल्ला. आणि हे बांबूचे दोन तुकडे. उन्हाने हे कसे मोडले, तेवढं सांगा. मी बसलो आहे.