मामाजींचं रंगीत चित्र

मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षपदावरून मनिराम उतरले, तेव्हा सभासदांनी त्यांचं रंगीत चित्र काढवून घ्यायचं ठरवलं. शहापूरला चित्रकला शिकवणाऱ्या भावना मॅडमच्या खिडकीशी मनिराम तीन दिवस सकाळी बसून आले. चित्र झालं का ते पाहायला सून गेली, रिता.

सासऱ्याच्या तोंडाकडे रोखून पाहायची रिताला सवय नव्हती. घरात ती पदर सावरून, मान खाली घालूनच वावरायची. चित्रासमोर मात्र ती बिनधास्त उभी राहिली. जवळून पाहिलं तर गालावर नुसते ब्रशचे फटकारे, विटकरी, निळे, थोडे हिरवेसुद्धा. दोन पावलं मागे सरली आणि त्याच फटकाऱ्यांचा उन्हानं रापलेला गाल झाला. खिडकीचा उजेड कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरला होता. माणूस आता बोलेल असं तिला वाटलं. मग तिची नजर अडली.

"मॅडम, डोळे पिवळे काहून केले जी?"

दिसले तसे काढले, असं भावना म्हणाली. लोक हसतील, पांढरे करून द्या, अशी रितानं गळ घातली. भावनानं ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला. पण चित्राजवळ नेलेला हात तिथंच थांबला.

"रिता, धोतर बी त्याच उजेडात आहे. ते पांढरंच दिसलं मले. पहिल्या दिवशी डोळे बी पांढरेच होते. तिसऱ्या दिवशी मी रंग बदलला. मले वाटलं, ऊन बदललं."

रिताला सासऱ्यांची खाज आठवली. चार दिवसांपासून मामाजी अंग खाजवत होते. घामोळं असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं.

ती ऑटोनं घरी आली. मनिराम अंगणात जाळं सांधत होते. ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामाजी, माह्याकडं पाहा जी."

लग्नाच्या अकरा वर्षांत ती अशी बोलली नव्हती. त्यांनी चिडून विचारलं, काय झालं तुले? ती हलली नाही. त्यांनी मान वर केली. भर दुपारच्या उन्हात डोळे चित्राहूनही पिवळे होते.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पित्तनळीत खडा अडकला आहे, कावीळ आणि खाज त्यानंच, आणखी दोन दिवस गेले असते तर विष अंगभर पसरलं असतं. खडा निघाला. धोका टळला.

रिताचा नवरा अमर रोज मासेमारीला बापासोबत एकाच डोंग्यात, छोट्या होडीत, बसायचा. दवाखान्याच्या बाकावर तो मान खाली घालून बसला होता.

"मले काहून नाही दिसलं?" त्यानं विचारलं.

रितानं त्याला चहा आणून दिला आणि शेजारी बसून राहिली.