टेफलॉनचे सहा वेढे

ठाण्याच्या त्या दुकानात मी महिन्याभरात चौथ्यांदा गेलो होतो. पाणबुड्याच्या टाकीला लागणारा रेग्युलेटर हवा होता. पाण्याखाली माणूस तोंडात नळी धरतो ना, त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला जो भाग टाकीच्या व्हॉल्व्हवर बसतो, तो. पहिल्या खेपेला दुकान बंद होतं. दुसऱ्या खेपेला दिला तो चापाचा निघाला, वरून कवळून धरणारा. आमचा व्हॉल्व्ह आतून आट्यांचा. तिसऱ्या खेपेला आट्यांचा दिला, तर त्याचे आटे दोन कमी, तळाला टेकेना.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. एवढ्याशा तुकड्यासाठी शहाडहून ठाण्याला चार खेपा, म्हणजे माझं डोकं तापलेलंच होतं.

काउंटरवर मालकाची मुलगी होती, क्षिप्रा.

"काका, परत तुम्ही?"

"हौस नाही मला. बसेल असा द्या, परत येणार नाही."

"तसं नका म्हणू, गिऱ्हाईक तुटेल आमचं." ती हसली. मी हसलो नाही.

घाई होती. गणपती चार दिवसांवर आले होते. शहाडला नदीकाठी काळुराम भोईर आणि त्यांच्या गावातली आठ-दहा माणसं विसर्जनाला पाण्यात उभी राहतात. कोणी बुडालं तर तेच शोधतात. त्यांच्याकडे एकच टाकी होती. दुसरी मी दिली, माझ्या बायकोच्या नावाने.

लक्ष्मी दोन वर्षांपूर्वी हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी गेली. वाळूची पिंडी नदीत सोडायला उतरली आणि पाय घसरला. काळुरामची माणसं दहा मिनिटांत टाकी घेऊन आली, पण रेग्युलेटर बसेना. त्यांच्या टाकीच्या व्हॉल्व्हच्या तोंडात एक पितळी बूच असतं. ते असलं की चापाचा रेग्युलेटर बसतो, नसलं की नाही. आदल्या खंडेनवमीला सगळं सामान पुजायला काढलं, तेव्हा कोणीतरी ते बूच काढून चिंचेने घासून लख्ख केलं आणि देवळात देवीपुढे ठेवलं. परत बसवायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. वर्षभर टाकीची गरज पडली नव्हती. बूच सापडलं दुसऱ्या दिवशी. लक्ष्मी सापडली तिसऱ्या दिवशी.

ती वाचली नसती, हे मला डॉक्टरांनी सांगितलंय. पण तीन दिवस मी काठावर बसून होतो. आणखी कोणी तसं बसू नये म्हणून दुसरी टाकी.

"टाकी किती बारची आहे?" क्षिप्राने विचारलं.

"मागच्या वेळीही हेच विचारलंत. व्हॉल्व्ह तीनशेचा आहे, लिहिलंय त्यावर."

"व्हॉल्व्ह नाही, टाकी. टाकी कुठेय?"

"कळव्याला. धनेश भरायला घेऊन गेलाय." धनेश काळुरामचा पुतण्या. पाण्यात उतरण्यात सगळ्यांत तयार.

मी फोनमधले फोटो दाखवले. तिने ते बोटांनी मोठे केले, एक बघितला, मग दुसरा, परत पहिला.

"हा व्हॉल्व्ह टाकीबरोबरच आलेला?"

"नाही. टाकी जुनी घेतली, ॲल्युमिनियमची. तिचा व्हॉल्व्ह गेलेला. हा वेगळा घेतला."

"बसवला कोणी?"

"मी. मी नाही तर कोण बसवणार?"

"काका, व्हॉल्व्हवर पंचवीस मिलिमीटर लिहिलंय. टाकीच्या खांद्यावर पाऊण इंच. पाऊण इंच हे नुसतं नाव, तो आटा पंचविसाहून थोडा मोठाच असतो. हे दोन वेगळे आटे आहेत."

"बसलाय तो."

"बसतो. म्हणूनच माणसं मरतात ना. चार-पाच फेरे बसतो, घट्ट पण वाटतो. प्रेशर आलं की सुटतो. तुम्हाला सैल नाही वाटला?"

वाटला होता. थोडा हलत होता. मग मी काय केलं? चौतीस वर्षं जे केलं तेच. टेफलॉन टेप घेतली, आट्यांवर सहा वेढे मारले आणि पाना लावून आवळला. पाण्याच्या लाइनला, हवेच्या लाइनला, सगळीकडे हेच करत आलो. सैल वाटला की टेप. आटे मोजायचं गेज घरात कपाटात होतं. काढलं नाही. म्हटलं, हाताला कळतंय की.

"मी चौतीस वर्षं आटे पाडलेत," मी म्हणालो. जोरातच म्हणालो.

"हो काका. पण आधी त्यांना फोन करा. भांडू नंतर."

फोन केला. धनेश उचलेना. पाच वेळा केला. कॉम्प्रेसर चालू असेल तर त्याला ऐकूच जाणार नव्हतं. बाहेर येऊन रिक्षा पकडली. कळव्याच्या पुलावर सगळं ठप्प. रिक्षावाला म्हणाला, "पुढे बस बंद पडलीय." मी परत फोन लावला. रिंग जात राहिली. टाकीत दोनशे बार दाबाने हवा भरतात. ट्रकच्या टायरमध्ये आठ असतात. हा हिशोब मला पुलावर बसून सुचला. टेप आवळताना सुचला नव्हता.

उतरलो आणि चालत निघालो. धनेशला दोन मुली आहेत. धाकटी परवा माझ्याकडे मोदकांचा साचा मागायला आली होती.

टाक्या भरून देणाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर धडधडत होता. धनेश टाकीवर ओणवा होऊन भरायची नळी जोडत होता.

"हात काढ! हात काढ आधी!"

"काय झाला काका? दोन तास बसलोय मी. यांची नळी चापाची, जोड शोधून आणला, आता कुठे लागला, आणि तुम्ही..."

"कॉम्प्रेसर बंद कर."

शेडवाल्याने बंद केला. कान एकदम मोकळे झाले. मी धापा टाकत होतो. धनेशने पाण्याची बाटली पुढे केली, मी ती बाजूला सारली आणि सांगून टाकलं. आटे वेगळे आहेत, टेप मी लावलीय, गेज लावलं नाही.

धनेशने आधी टाकीकडे बघितलं, मग जिथे आपलं डोकं होतं त्या जागेकडे. मग फोन काढला, काळुरामला लावला आणि माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा."

मी परत सगळं सांगितलं.

"म्हंजे गणपतीला एकच टाकी?" काळुराम म्हणाले.

"एकच."

"आनी ही कनाला आनली मग, शोभेला?" त्यांचा आवाज चढला. "बूच आमी घालवला, तवा तुमी आमच्यावर कवडं वराडलेलं, आठवतंय? काठावर आमच्या पोरांना काय काय बोललात!"

"आठवतंय."

"तवा आमी ऐकून घेतला."

"हो."

"बरा. दोरी लावून एकेकाला उतरवू. दोरी धराला तुमी यायचा, घरात बसायचा नाय." त्यांनी फोन ठेवला.

मी व्हॉल्व्ह उलटा फिरवला. साडेचार फेऱ्यांत हातात आला. टेपचा चोथा आट्यांत अडकलेला. शेडवाला म्हणाला, "टाकी तर चांगली आहे ना? योग्य व्हॉल्व्ह लावा, चालेल."

मी आत बोट घातलं. माझ्या पान्याने पहिले आटे चेपले होते. चांगली टाकी मी खराब केली होती.

"हॅकसॉ आहे?"

"काका, काकीच्या नावाची हाय ती," धनेश म्हणाला. "ठेवू या बाजूला. वापरणार नाय कोनी."

"बाजूला ठेवली की कोणीतरी वापरतो. माझ्यासारखाच एखादा येईल, टेप घेऊन."

शेडवाल्याने करवत दिली. मी टाकी आडवी केली आणि मानेवर पातं लावलं. ॲल्युमिनियम मऊ असतं, तरी पातं दोनदा घसरलं. धनेश खाली बसला, टाकी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली.

"तिरका जातंय काका. सरळ धरा."

मी सरळ धरलं.